शेतकरी कुटुंबासाठी मोबाइल : खरेदी आणि निगा

नांगर किंवा पंप घेताना शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो, शेजाऱ्याचा अनुभव विचारतो आणि मगच पैसे मोजतो. मोबाइलच्या खरेदीत मात्र ही चिकित्सा सहसा दिसत नाही. कापूस किंवा सोयाबीन विकून पैसा हाती आला की तालुक्याच्या दुकानात जावयाचे व दुकानदार पुढे करील तो मोबाइल घेऊन यावयाचे, असाच प्रकार पुष्कळदा घडतो. पुढे दीड-दोन वर्षांत तो निकामी झाला म्हणजे दोष नशिबाला दिला जातो.

वास्तविक हे यंत्र आता चैनीचे राहिलेले नाही. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः सातबाऱ्यावर करावी यासाठी महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट 2021 मध्ये ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली. तीत शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. नोंद राहून गेली तर अतिवृष्टीच्या मदतीच्या वेळी अथवा शासकीय खरेदीच्या वेळी अडचण उभी राहते. मुदतीच्या अखेरच्या दिवशी मोबाइल बंद पडला तर त्याची किंमत मोबाइलच्या किमतीहून अधिक होते.

तथापि, घरातील प्रत्येकाला महागडा स्मार्टफोन हवा असे मुळीच नाही. पीकनोंदीच्या कामी एकाच मोबाइलवरून एकाहून अधिक खातेदारांची नोंद करता येते. एकत्र कुटुंबात एक चांगला स्मार्टफोन व बाकीच्यांना साधे बटणांचे मोबाइल, ही व्यवस्था पुरेशी होते. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा निःशुल्क क्रमांक साध्या मोबाइलवरूनही लागतो. साध्या मोबाइलवरून बँक खात्यातील पैसे देण्याची सोयही मार्च 2022 पासून झालेली आहे. शिवाय त्याची बॅटरी दिवसचे दिवस टिकते, ही गोष्ट भारनियमन असलेल्या गावात लहान नव्हे.

किमतीचा हिशेब

मोबाइलची किंमत पाहताना तो किती वर्षे चालेल हेही पाहावे. समजा, 8,000 रुपयांचा मोबाइल दोन वर्षांत निकामी झाला; वर्षाला खर्च 4,000 रुपये पडला. 12,000 रुपयांचा पाच वर्षे चालला. वर्षाला 2,400 रुपयेच पडले. स्वस्त मोबाइल बहुधा साठवणुकीच्या जागेअभावी आणि कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा येणे बंद झाल्यामुळे निरुपयोगी होतो. म्हणून दुकानात कॅमेऱ्याचे आकडे ऐकत बसण्यापेक्षा, सुधारणा किती वर्षे मिळणार व आतील साठवण किती, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

हप्त्याने घेताना अधिक सावध राहावे. 9,000 रुपयांचा मोबाइल दरमहा 900 रुपयांच्या बारा हप्त्यांनी घेतल्यास 10,800 रुपये भरावे लागतात. वाढीव 1,800 रुपये म्हणजे वीस टक्के व्याज, असे वरवर वाटते. परंतु मुद्दल दर महिन्याला फिटत असते. पूर्ण 9,000 रुपये वर्षभर शेतकऱ्याकडे नसतातच. हे ध्यानात घेऊन हिशेब केला तर व्याजाचा खरा दर वर्षाला सुमारे 35 टक्के पडतो. पीककर्जाच्या दराशी ही तुलना करून पाहावी. ‘बिनव्याजी’ हप्ता असेल तेव्हाही प्रक्रिया शुल्क किती आणि तोच मोबाइल रोखीने केवढ्याला मिळतो, हे विचारल्यावाचून सही करू नये.

दुकानात ठरवून टाकण्याजोगी नसलेली एक गोष्ट म्हणजे नेटवर्क. ते तालुक्याला मिळते म्हणून मळ्यात मिळेल असे नाही. खरेदीपूर्वी निरनिराळ्या कंपन्यांची सिम असलेल्या शेजाऱ्यांना विहिरीपाशी बोलावून पाहिल्यास हा प्रश्न फुकटात सुटतो.

जुना मोबाइल घेताना

जुना मोबाइल घेण्यात गैर काही नाही. उत्तम प्रतीचा जुना मोबाइल हलक्या प्रतीच्या नव्या मोबाइलपेक्षा पुष्कळदा सरस ठरतो. मात्र तो चोरीचा नाही याची खात्री विकत घेणाऱ्यानेच करून घ्यावयाची असते. प्रत्येक मोबाइलला आयएमईआय नावाचा पंधरा अंकी क्रमांक असतो. *#06# ही बटणे दाबताच तो पडद्यावर येतो. खोके व पावती यांवरील क्रमांकाशी तो जुळवून पाहावा. नंतर केवायएम ही अक्षरे रोमन लिपीत लिहून, एक जागा सोडून, तो क्रमांक 14422 या क्रमांकावर संदेशाने पाठवावा. तो काळ्या यादीत आहे किंवा त्याची नक्कल आढळली आहे असे उत्तर आल्यास सौदा तेथेच सोडावा. शासनाच्या संचार साथी या सेवेतही ही तपासणी होते आणि पोलिसांत तक्रार दिल्यावर हरवलेला मोबाइल बंद करण्याचा अर्जही तेथेच करता येतो. याकरिता आपल्या मोबाइलचा क्रमांक घरच्या वहीत आजच लिहून ठेवणे बरे.

आणखी एक दक्षता घ्यावी. पूर्वीच्या मालकाचे गूगल खाते त्याच्यासमक्ष काढून घ्यावे. ते राहिले तर पुढे मोबाइल पुसून नव्याने सुरू करताना जुन्या मालकाचा संकेतशब्द मागितला जातो व मोबाइल अडकून पडतो. पावती नाही, खोके नाही आणि विकणाऱ्याला घाई आहे, असे तिन्ही योग जुळून आले तर किंमत कितीही कमी असो, तो मोबाइल घेऊ नये.

निगा

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता होय. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मोटारसायकलच्या तापलेल्या टाकीवर किंवा उन्हात बांधावर मोबाइल ठेवल्याने तिचे आयुष्य घटते. बॅटरी फुगून पाठ उचलली गेल्याचे दिसताच मोबाइलचा वापर थांबवावा. ती टोचू वा दाबू नये. चार्जर घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व त्याखालील नोंदणी क्रमांक पाहावा. बाजारात मिळणाऱ्या बिनछापाच्या चार्जरने वाचणारे शंभर रुपये पुढे फार महाग पडतात.

मोबाइल भिजला तर तो तांदळाच्या डब्यात घालण्याची चाल घरोघर दिसते. तिचा उपयोग होत नाही. उलट तांदळाचे पीठ व कण छिद्रांत जाऊन बसतात. मोबाइल बंद करून कोरड्या फडक्याने पुसावा, चार्जिंगचे तोंड खाली येईल असा सावलीत, वाऱ्यावर ठेवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नये.

फवारणीच्या वेळी मोबाइल खिशात न ठेवता घरी किंवा डब्यात ठेवावा. औषधाचे हात लागलेला तोच मोबाइल पुढे कानाशी, तोंडाशी आणि मुलांच्या हाती जातो. याविषयी शेतकरी मेळाव्यांत फारसे बोलले जात नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीच्या प्रात्यक्षिकातच ते सांगावे.

साठवण भरल्यामुळे पिकाचे छायाचित्र घेता येत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे नेहमी येते. शुभप्रभातीची चित्रे व चलचित्रे काढून टाकली की बहुतेक मोबाइल पुन्हा चालू लागतात. नव्याची गरज पडत नाही. त्याच वेळी हेही सांगावे की शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कधीही उघडू नये आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर तासाभराचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे. लवकर कळविल्यास पैसे पुढे जाण्याआधी अडविता येण्याचा संभव असतो.