इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय करावा की थेट दुकान टाकावं?

"दहावी झाली, रिपेअरिंगचं दुकान टाकायचंय. दोन वर्षं आयटीआय करू, की छोटा क्लास करून लगेच बसू?" दारव्हा असो, पुसद असो की वणी, ट्रेनिंगला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचा पहिला प्रश्न हाच असतो. मी बीबीएवाला माणूस, त्यामुळे उत्तर हिशोबातून काढू.

आधी पर्याय समजून घ्या

आयटीआयचा 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा ट्रेड २ वर्षांचा. विज्ञान आणि गणित घेऊन दहावी पास लागते. त्यात सोल्डरिंगपासून एसएमडी काम, पॉवर सप्लाय, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, सोलर, मोबाईल आणि मायक्रोकंट्रोलरपर्यंत शिकवतात. पुढे स्टायपेंड घेऊन अप्रेंटिसशिप करता येते, किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीनंतर ३ वर्षांचा. कंपनीत नोकरी किंवा पुढे इंजिनिअरिंग करायचं असेल तर तो जास्त कामाचा.

तिसरा पर्याय म्हणजे आरसेटी, ग्रामीण तरुणांसाठी बँका चालवतात ती प्रशिक्षण संस्था. तिथला मोबाईल दुरुस्तीचा कोर्स साधारण ३० दिवसांचा, आणि प्रशिक्षण मोफत असतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रत्येक आयटीआयमध्ये हा ट्रेड असतोच असं नाही. ऑनलाईन फॉर्म भरताना आधी ट्रेड बघा, मग गाव बघा.

आता हिशोब

समजा तालुक्याच्या गावी तुमचं दुकान आहे. भाडं ४,०००, वीजबिल-मोबाईल १,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार १२,०००. हो, स्वतःचा पगार धरायचाच! एकूण १७,००० रुपये.

पार्टचे पैसे सोडून एका कामाची मजुरी सरासरी १५० रुपये धरा. म्हणजे महिन्याला ११४ कामं. २६ दिवस दुकान उघडं ठेवलं तर रोज चार ते पाच कामं. जमण्यासारखं वाटतं ना?

पण पाचातलं एक काम परत आलं तर? महिन्याला २३ कामं पुन्हा करायची, तीही फुकट. म्हणजे रोज जवळपास एक काम बिनपैशाचं. वर चुकीचा बदललेला पार्ट तुमच्याच खिशातून. आणि गिऱ्हाईक जाऊन चार जणांना सांगणार ते वेगळंच.

दुकान वाचतं ते दोष नेमका ओळखण्यावर. दोन वर्षांत शिकायची खरी गोष्ट हीच.

एक उदाहरण: फवारणी पंप

शेतकरी १२ व्होल्टचा बॅटरी पंप घेऊन येतो. "प्रेशर येत नाही." घाईतला कारागीर मोटर बदलतो. शिकलेला आधी मीटर लावतो. पंप बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे चांगली वाटते. पंप चालू केल्यावर ती ९ वर येते. मग बॅटरी गेली का? एवढ्यावर ठरवायचं नाही. करंट मोजायचा. तो मोटरवर छापलेल्या आकड्याच्या आत असेल आणि तरी व्होल्टेज पडत असेल, तर बॅटरी थकली. करंट खूप जास्त असेल तर मोटर जाम झालीय किंवा तिच्यातच बिघाड आहे. व्होल्टेज ठीक, करंट ठीक, तरी प्रेशर नाही? मग नोझल आणि गाळणी बघा, इलेक्ट्रॉनिक्सचा तिथे संबंधच नाही.

पंप रिकामा आणि धुतलेलाच घ्या, हातमोजे घाला. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे विसरू नका.

आपल्या जिल्ह्याचं काम ओळखा

मोबाईलची दुकानं चौकाचौकात आहेत. पण वावरातलं इलेक्ट्रॉनिक्स कोण दुरुस्त करतं? पावसाळ्यात फवारणी पंप. पेरणीपासून पीक निघेपर्यंत रानडुक्कर आणि रोह्यांसाठी लावलेली झटका मशीन. उन्हाळ्यात कूलर आणि इन्व्हर्टर. वर्षभर एलईडी दिवे आणि चार्जर. शिवाय सोलर पंपाचे कंट्रोलर वाढतायत. ते वॉरंटीत असतील तर मात्र उघडू नका, आधी कंपनीकडे तक्रार करायला सांगा.

झटका मशीनबाबत दोन नियम पाळाच. आतला कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि कुंपणाला थेट घरगुती लाईन जोडून द्या असं कोणी म्हटलं, तर स्पष्ट नकार द्यायचा. त्यात माणसं मरतात, आणि तो गुन्हा आहे.

दोन वर्षं अशी वापरा

१. पहिले सहा महिने फक्त मीटर आणि सोल्डरिंगवर हात बसवा. सर्किट वाचता आलं पाहिजे.

२. सुट्टीत जुन्या कारागिराकडे बसा. पगार मागू नका, जास्तीत जास्त वस्तू उघडायला मागा.

३. एक वही ठेवा: वस्तू, तक्रार, मोजलेले आकडे, खरा दोष, लागलेला वेळ, परत आली का. दोन वर्षांनी ही वही सर्टिफिकेटइतकीच कामाची ठरेल.

४. दुसऱ्या वर्षी एकाच प्रकारच्या वस्तूत नाव कमवा.

५. कर्जाचा विचार सगळ्यात शेवटी. पीएमईजीपीमध्ये ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिलांसह विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. पण सुरुवातीला मीटर, सोल्डरिंग आयर्न, डीसी सप्लाय आणि सिरीज बल्बचा बोर्ड एवढ्यावर काम चालतं.

मग करायचं काय?

घर दोन वर्षं थांबू शकत असेल, तर आयटीआय करा. थांबू शकत नसेल तर आरसेटीचा कोर्स करा, कारागिराच्या हाताखाली वर्षभर कमवत शिका, मग दुकान टाका. तीस दिवसांच्या शिक्षणावर एकतिसाव्या दिवशी भाड्याचा करार मात्र करू नका.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गावातल्या दहा घरी जा आणि बंद पडलेल्या वस्तूंची यादी करा. ज्या वस्तूचं नाव जास्त वेळा येईल, तिथून शिकायला सुरुवात करा.