नाडीपरीक्षा : तरंग, गणित आणि चिकित्सालय

नाडीपरीक्षेचे नाव घेताच समाजात दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींच्या मते निष्णात वैद्याच्या तीन बोटांपासून काहीच लपत नाही. काहींच्या मते नाडीवरून ठोक्यांच्या संख्येपलीकडे काही कळतच नाही. या दोन्ही मतांना प्रत्यक्ष तपासणीचा आधार किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात भौतिकशास्त्र, गणित आणि चिकित्सा या तिन्ही अंगांनी नाडीचा विचार करून, आपल्या तालुक्यातील वैद्यांना स्वतः करता येईल असा एक छोटा अभ्यास आम्ही सुचवीत आहोत. हा विषय औषधी विक्रेत्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे. एकाच रुग्णाच्या नाडीवर दोन वैद्यांचे दोन निष्कर्ष निघाले, तर दुकानात येणारी चिठ्ठीही वेगवेगळीच येणार.

ग्रंथपरंपरा पाहता, बृहत्त्रयीत नाडीपरीक्षेचे सविस्तर वर्णन आढळत नाही. ते शार्ङ्गधर संहितेत स्पष्टपणे येते, आणि योगरत्नाकराने अष्टस्थान परीक्षेत नाडीस प्रथम स्थान दिले आहे. तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ. वाताची गती सर्पासारखी, पित्ताची मंडूकासारखी, कफाची हंसासारखी, हे आपण सर्वांनी अभ्यासले आहे. भोजनोत्तर, स्नानोत्तर वा श्रमानंतर लगेच नाडी पाहू नये, हा दंडकही परिचित आहे. प्राचीनांनी निरीक्षणाची स्थिती ठरवून दिली होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

बोटाखाली नेमके काय येते?

बोटाला जाणवतो तो रक्ताचा प्रवाह नसून दाबाचा तरंग होय. हृदयसंकोचासरशी महाधमनीत निर्माण झालेला हा तरंग धमनीच्या भित्तीतून सेकंदाला साधारण ५ ते १० मीटर वेगाने धावतो. प्रत्यक्ष रक्त त्यामानाने पुष्कळ संथ वाहते. या तरंगाच्या वेगाचे गणित थॉमस यंग यांनी १८०८ च्या सुमारास मांडले. पुढे १८७८ मध्ये मोएन्स व कोर्टेवेग यांनी त्यास सूत्राचे रूप दिले. धमनीची भित्ती जितकी ताठ व जाड, तितका तरंग वेगवान. व्यास जितका मोठा, तितका तो मंद. वय वाढते तशी धमनी ताठरते, परावर्तित तरंग लवकर परत येतो आणि नाडीचा आकार बदलतो. म्हणजे नाडीच्या आकारात संख्येपलीकडची माहिती असते, हे भौतिकशास्त्रासही मान्य आहे. १८६० मध्ये फ्रान्सच्या मारे यांनी नाडीचा आलेख कागदावर उतरविणारे यंत्र याच हेतूने बनविले.

आता तीन बोटांचा विचार करू. शेजारच्या दोन बोटांच्या मध्यबिंदूंत सुमारे २ सेंटिमीटर अंतर धरले आणि तरंगाचा वेग ८ मीटर मानला, तर एका बोटाखालून दुसऱ्या बोटाखाली जाण्यास तरंगास सेकंदाचा चारशेवा भाग पुरतो. इतका सूक्ष्म कालभेद बोटाच्या स्पर्शास कळणे संभवत नाही. तेव्हा तीन बोटांखाली जो फरक जाणवतो, तो काळाचा नसून ठोक्याच्या जोराचा व आकाराचा असला पाहिजे. आणि तो जोर धमनीची खोली, तिच्याखालील अस्थीचा आधार, त्वचेखालील मेद व वैद्याने दिलेला दाब यांवरही अवलंबून असतो. म्हणून दाब आणि जागा निश्चित केल्याशिवाय दोन वैद्यांच्या नाडीज्ञानाची तुलना होऊ शकत नाही.

महाराष्ट्रात झालेले काम

या दिशेने उल्लेखनीय प्रयत्न आपल्याच राज्यात झाला. आयआयटी मुंबई आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्याशी संबंधित संशोधकांनी ‘नाडी तरंगिणी’ ही प्रणाली विकसित केली. मनगटावरील तिन्ही स्थानांचा दाब संवेदकांद्वारे टिपून तो संगणकात अंकरूपाने साठवावा व गणिती पद्धतीने त्याचे पृथक्करण करावे, अशी तिची योजना होती. तिचे विवरण २००७ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथील अभियांत्रिकी परिषदेत सादर झाले. या पृथक्करणामागे फूरिए यांचे गणित आहे. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे सेकंदाला १.२ आवर्तने, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आवर्तनांच्या सूक्ष्म लहरी कोणत्या प्रमाणात मिसळल्या आहेत, यावर नाडीचा आकार ठरतो.

यंत्राने आलेख दिला तरी त्यास ‘वाताधिक’ हे नाव कोणी द्यावयाचे? शेवटी वैद्यानेच. आणि येथेच मूळ प्रश्न उभा राहतो : दोन वैद्य एकाच नाडीस एकच नाव देतात काय? डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ आयुर्वेद वैद्यांनी २० निरोगी व्यक्तींची स्वतंत्रपणे परीक्षा केली. वैद्यांच्या १०५ जोड्यांची तुलना करता एकवाक्यता एकंदरीत कमी आढळली. हा निष्कर्ष कटू असला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही.

एकवाक्यतेचे गणित

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन वैद्यांनी ६० रुग्णांची नाडी स्वतंत्रपणे पाहिली. पहिल्याने ३० वात, १८ पित्त, १२ कफ असे नोंदविले. दुसऱ्याने ३० वात, २० पित्त, १० कफ. त्यांपैकी ३६ रुग्णांत दोघांचे उत्तर तेच आले, म्हणजे ६० टक्के एकमत. आकडा समाधानकारक वाटतो. परंतु दोघांनी नाडी न पाहता, याच प्रमाणात, केवळ चिठ्ठ्या टाकून उत्तरे दिली असती तर?

वातात (३० × ३०) ÷ ६० = १५, पित्तात (१८ × २०) ÷ ६० = ६, कफात (१२ × १०) ÷ ६० = २; म्हणजे एकूण २३ रुग्णांत एकमत केवळ योगायोगाने झाले असते. योगायोगापलीकडे मिळविण्याजोगे एकमत ६० − २३ = ३७ रुग्णांचे; प्रत्यक्षात मिळाले ३६ − २३ = १३ चे. १३ ÷ ३७ = ०.३५. या अंकास ‘कप्पा’ म्हणतात. कोहेन यांनी तो १९६० मध्ये मांडला. पूर्ण एकमतास १ आणि निव्वळ योगायोगास ० येतो. सामान्यतः ०.६ च्या वर गेल्यास एकवाक्यता चांगली समजतात. आपल्या उदाहरणातील ६० टक्के एकमत त्या कसोटीवर बरेच तोकडे ठरते.

आपण काय करावे?

जळगाव जामोद परिसरातील दोन-तीन वैद्यांनी एकत्र येऊन हा अभ्यास करणे अवघड नाही. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

१. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रुग्ण उन्हातान्हात येतात. बाजाराच्या दिवशी चालून, घाईने येतात. प्रत्येकास किमान १० मिनिटे स्वस्थ बसवावे. भोजनाची वेळ नोंदवावी.

२. रुग्ण व वैद्य यांच्यामध्ये पडदा असावा, केवळ मनगट पुढे यावे. चेहरा, जिव्हा वा बोलणे यांवरून दोष ओळखला गेल्यास ती नाडीपरीक्षा राहत नाही.

३. उत्तराचे पर्याय आधीच ठरवावेत. द्वंद्वज नाडी धरावयाची की नाही, हेही आधीच. दुसऱ्याचे उत्तर कोणासही कळू नये.

४. काही रुग्णांची नाडी त्याच वैद्यास, क्रम बदलून, न सांगता पुन्हा दाखवावी. स्वतःशीच एकमत नसेल तर इतरांशी कोठून होणार?

५. रुग्णाची लेखी संमती घ्यावी. अभ्यास प्रसिद्ध करावयाचा असल्यास आरंभापूर्वीच नीतिसमितीची अनुमती घ्यावी.

एकवाक्यता म्हणजे सत्यता नव्हे, हेही खरे. दोघे मिळून एकच चूक करू शकतात. म्हणून पुढची पायरी म्हणजे नाडीनुसार केलेल्या चिकित्सेने रुग्णास अधिक गुण येतो काय, हे पाहणे. परंतु पहिलीच पायरी डळमळीत असेल तर दुसरीवर पाय ठेवण्यात अर्थ नाही.

अशा कसोटीने आयुर्वेदाची हानीच होईल, ही भीती अनाठायी आहे. भगंदरात क्षारसूत्राची शस्त्रकर्माशी तुलना भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत, रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून केली व निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. व्रण भरण्यास क्षारसूत्राने ८ आठवडे लागले, शस्त्रकर्माने ४. परंतु पुनरुद्भव क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रकर्मात ११ टक्के आढळला. म्हणजे सुमारे १४ रुग्णांमागे एकाचा पुनरुद्भव टळला. क्षारसूत्राचा दोष आणि गुण दोन्ही त्याच तक्त्यात नोंदले गेले, म्हणूनच त्या निष्कर्षास वजन आले.

नाडीचीही अशीच परीक्षा व्हावी. कप्पा कमी आला तर कोणत्या स्थानी, कोणत्या दोषात मतभेद होतो हे त्याच तक्त्यावरून दिसेल, आणि विद्यार्थ्यांना नाडी कशी शिकवावी याची दिशा मिळेल. चांगला आला तर आपले म्हणणे आकड्यांसह मांडता येईल. एक वही, एक पडदा आणि साठ रुग्ण, एवढीच सामग्री त्यासाठी लागते.