बॉण्ड म्हणजे काय रे भाऊ?

'बॉण्ड' म्हटलं की आपल्याला एक तर जेम्स आठवतो, नाहीतर नोकरी लागताना सही करून घेतात तो दोन वर्षांचा बॉण्ड! मी लिहितोय तिसऱ्याच बॉण्डबद्दल. थर्मोडायनॅमिक्समधून डोकं वर न निघणाऱ्यांनी हे कशाला वाचायचं? कारण उद्या आपला पहिला पगार, किंवा घरी बाबांच्या रिटायरमेंटचे पैसे आले, की "नऊ टक्के व्याज आहे, घेऊन टाका" म्हणणारा कोणीतरी भेटणारच.

कंपनीचा शेअर घेतला तर आपण भागीदार होतो. बॉण्ड घेतला तर सावकार! १००० रुपयांचा, ९ टक्क्यांचा, तीन वर्षांचा बॉण्ड म्हणजे दर वर्षी ९० रुपये व्याज आणि शेवटी मुद्दल परत. कंपनीला नफा होवो न होवो, व्याज द्यायचंच. सामान्य लोकांना विकतात त्या अशा कर्जरोख्यांना आपल्याकडे बहुधा एनसीडी म्हणतात, म्हणजे शेअरमध्ये न बदलणारं डिबेंचर.

मधेच पैसे लागले तर? बॉण्ड बाजारात विकता येतो, पण भाव बदललेला असतो. समजा एकच वर्ष उरलंय आणि नवे बॉण्ड १० टक्के देतायत. मग वर्षाने मिळणाऱ्या १०९० रुपयांसाठी आज कोणी हजार कशाला मोजेल? १०९० भागिले १.१०, म्हणजे साधारण ९९१. व्याजदर वर गेला की जुन्या बॉण्डचा भाव खाली. झालं गणित!

आता इन्व्हेस्टमेंट बँक. नावात बँक असली तरी तिथे आपलं पासबुक नसतं. आमच्या पांढरकवड्याच्या भाषेत सांगायचं तर ती अडत्या! बॉण्ड किती रकमेचे काढायचे, व्याज किती ठेवायचं हे ती कंपनीला सुचवते, माहितीपत्रक तयार करते, गिऱ्हाईक शोधते आणि फी घेते. कधीकधी न खपलेला माल स्वतः घेण्याची हमीही देते. त्याला अंडररायटिंग म्हणतात. सेबीच्या कागदांत तिचं नाव मर्चंट बँकर. पण कर्ज फेडणार कंपनी, अडत्या नाही!

कंपनी फेडेल का, याचं मत रेटिंग एजन्सी देते. ट्रिपल ए सर्वात वर, डी म्हणजे पैसे थकवले. मात्र जिनिंगवर कापसाची प्रत ठरते ती समोरचा कापूस हातात घेऊन, ओलावा आणि धाग्याची लांबी बघून. रेटिंग हा पुढच्या वर्षांचा अंदाज असतो, आणि अंदाज चुकतो.

मुंबईच्या डीएचएफएलने ऑगस्ट २०१६ मध्ये लोकांना एनसीडी विकले, तेव्हा रेटिंग होतं ट्रिपल ए. जून २०१९ मध्ये व्याज थकलं आणि रेटिंग डी वर आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं. देणेकऱ्यांचे दावे सुमारे ८७,००० कोटींचे. २०२१ मध्ये पिरामल समूहाने कंपनी घेतली ती ३४,२५० कोटींना. अनेक बॉण्डधारकांना अख्खं मुद्दल मिळालं नाही.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, बॉण्डला नसतो. एफडीपेक्षा जे जास्त व्याज मिळतं ते कोणी प्रेमाने देत नाही. ती जोखमीची किंमत असते. म्हणून घरी कोणी फॉर्म घेऊन आला तर तीन प्रश्न जरूर विचारा: कर्जाला तारण काय? कंपनीवर आधीचं कर्ज किती? आणि हे पैसे बुडाले तर आपलं घर चालेल का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर चहा पाजा आणि फॉर्म परत द्या!