पाण्यावर फिरणारी सोळा जाती

आपल्या आयाबाया पहाटे उठून जात्यावर दळण दळीत. एक बाई खुंटा ओढी, दुसरी वैरण घाली. पायलीभर दळायचे म्हणजे हात भरून येत. आता गावोगाव पिठाच्या गिरण्या आहेत. जाते कोपऱ्यात पडले आहे. पण वीज नव्हती, इंजिन नव्हते, तेव्हाही काही लोकांनी हाताचे कष्ट वाचवले होते. कसे, ते पाहू.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेला आर्ल नावाचे जुने शहर आहे. ऱ्होन नदीच्या काठी. इसवी सनापूर्वी ४६ साली रोमच्या सीझरने आपल्या जुन्या शिपायांना तेथे वसवले. शहर वाढले. तेथे बंदर झाले. जवळच डोंगर आहेत. त्या डोंगरांतले पाणी लोकांनी दगडी पाट बांधून खाली आणले. एक पाट शहराला गेला. दुसरा बार्बेगाल नावाच्या टेकडीकडे गेला. तेथे टेकडी फोडून पाण्याला वाट केली होती. पलीकडे उतार, आणि उताराखाली दरी.

त्या उतारावर काही जुन्या भिंती होत्या. १९३७ च्या सुमारास फेर्नां बेन्वा या संशोधकांनी तेथे खणले. भिंती कशाच्या निघाल्या? गिरणीच्या! वरून खाली पायऱ्या उतरतात तशा दोन ओळी. एकेका ओळीत आठ चाके. पाणी वरच्या चाकावर पडायचे, ते फिरवायचे, मग खालच्या चाकावर जायचे. एकच पाणी आठ वेळा कामाला आले.

चाक उभे, जाते आडवे. मग जाते फिरते कसे? ज्यांनी रहाट पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. रहाटात बैल आडवी गिरकी घेतात, पण चाक उभे फिरते. दात्यांची दोन चाके एकमेकांत अडकवली की हे साधते. येथे तेच उलटे केले होते.

ही गिरणी रोजचे ४५ क्विंटल पीठ दळत असावी, असा अंदाज आहे. आम्हाला हा आकडा वाचून पहिल्याने खरे वाटेना. त्या काळी रोमच्या राज्यात दळणाचे काम बहुधा गुलामांच्या नाहीतर गाढवांच्या माथी असे. येथे ते पाण्याने केले.

पहिल्याने वाटले, गिरणी तिसऱ्या-चौथ्या शतकातली असावी. पुढे पुन्हा खणले, तेव्हा ती दुसऱ्या शतकातली ठरली. म्हणजे सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची.

लाकडी चाके तर केव्हाच कुजून गेली. मग त्यांची माहिती मिळाली कोठून? पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरे पुट चढते ना, तसेच पुट त्या चाकांवर चढले होते. डोंगराच्या पाण्यात चुना होता. लाकूड गेले, पुट राहिले. त्यावर लाकडाच्या रेघासुद्धा उमटल्या आहेत. असे शंभरावर तुकडे आर्लच्या संग्रहालयात होते. २०१८ साली संशोधकांनी त्यांची तपासणी प्रसिद्ध केली. उन्हाळ्यातला थर वेगळा, हिवाळ्यातला वेगळा. ते वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली: दरवर्षी उन्हाळा सरता सरता थर तुटतो. काही महिने पाणी बंद, चाके बंद.

शहराला भाकरी तर बारा महिने लागते! मग गिरणी बंद का? संशोधकांचा तर्क असा, की येथले पीठ खलाशांच्या कडक, टिकाऊ रोटीसाठी जात असेल. हिवाळ्यात समुद्र खवळतो, गलबते फारशी निघत नाहीत. म्हणून त्याआधीच दळण थांबत असावे. हा तर्कच आहे, पण आम्हाला तो पटतो.

पाण्यावरचे जाते आपल्याकडेही होते. छत्रपती संभाजीनगरला खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. डोंगराचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून तेथे आणले होते. दर्ग्यात येणारे फकीर, वाटसरू यांच्यासाठी त्यावर दळण होई. त्या बाजूला गेलात, तर थोडी वाट वाकडी करून ती जरूर पाहून या.