बैठकीतला पेला आणि आग्रह

मित्रांच्या बैठकीत एका संध्याकाळी तीन-चार प्रकारची पेये सहज फिरतात. कुणी नाशिकची वाइन आणतो, कुणी गोव्याहून येताना काजूची फेणी, कुणी स्ट्राँग बिअरच्या थंड बाटल्या, आणि धारणी-चिखलदऱ्याकडून येणारा एखादा मोहाची दारू पाण्याच्या बाटलीत भरून आणतो. आपल्याला आवडलेली चीज दोस्ताला चाखवावी, यात आपुलकी असते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र या पेयांमध्ये वाटतो तेवढा फरक नाही. चव, रंग, वास आणि किंमत वेगळी; यकृतापर्यंत पोचणारा पदार्थ एकच, इथेनॉल म्हणजे मद्यार्क. म्हणून काय प्यायले यापेक्षा किती मद्यार्क पोटात गेला हे पाहावे लागते. बैठकीत नेमके हेच माप सुटते, कारण पेला भरणारा हात दुसऱ्याचा असतो.

वैद्यकात १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क हे एक माप धरतात. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडीत मद्यार्काचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के असते; त्यामुळे ३० मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे एक माप आणि १८० मिलीचा पव्वा म्हणजे सहा मापे. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो, चार छोट्या पेगांइतका. ‘बिअरच तर आहे’ म्हणत दोन बाटल्या संपवणाऱ्याने आठ पेग घेतलेले असतात. ५ टक्क्यांच्या माइल्ड बिअरची तेवढीच बाटली अडीच मापांची, तर १५० मिली वाइन दीड मापाची. घरगुती मोहाच्या दारूवर टक्केवारी लिहिलेली नसते. पहिल्या धारेची दारू नंतरच्या धारेपेक्षा बरीच कडक निघते, त्यामुळे तिचा हिशेबच लागत नाही.

यकृत हा मद्यार्क तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने निकाली काढते. हा वेग वाढवणारे औषध नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा राहतो, पण रक्तातला मद्यार्क कमी होत नाही. एक उदाहरण मांडून पाहण्याजोगे आहे. रात्री आठला बसलेल्या एकाने स्ट्राँग बिअरची एक बाटली, वाइनचा एक पेला आणि फेणीचे दोन मोठे पेग घेतले, तर सुमारे ९६ ग्रॅम मद्यार्क पोटात गेला. तो पूर्ण उतरायला पहाटेचे साडेपाच ते सकाळचे दहा वाजतात. असा माणूस सकाळी सातला अकोल्याहून अमरावतीकडे मोटारसायकल काढतो, तेव्हा झोप झाली म्हणून तो स्वतःला शुद्धीवर समजतो. रक्त तसे सांगेलच असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की गुन्हा होतो. पहिल्या खेपेलाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

दोन-तीन प्रकार मिसळल्याने जास्त चढते, अशी समजूत आहे. चढते ते एकूण मद्यार्काने. प्रकार बदलला की मोजदाद चुकते, हा मिसळण्याचा खरा धोका. उपाशीपोटी आणि सोड्यासोबत घेतलेली दारू रक्तात लवकर भिनते; जेवणानंतर तीच सावकाश भिनते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेल्याने त्यांच्या रक्तातली पातळी जास्त चढते. गर्भवतीने तर एक घोटही घेऊ नये. बाळंतिणीला किंवा सर्दी झालेल्या लहान मुलाला चमचाभर ब्रँडी पाजण्याची रीत अजून काही घरांत आहे. ती थांबवलीच पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. रेड वाइनने हृदय निरोगी राहते हा दावाही टिकलेला नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन या अवयवांचे कर्करोग त्याच्याशी जोडलेले आहेत. वऱ्हाडात याला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची जोड मिळते. गालात खर्रा आणि हातात पेला असेल, तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही जास्त वाढतो, कारण मद्यार्कामुळे तोंडाच्या अस्तरातून तंबाखूतली विषद्रव्ये आत शिरणे सोपे होते. बैठकीत खर्ऱ्याची पुडी फिरवणारा दोस्ताला दुहेरी इजा करतो.

आता आग्रहाविषयी. वऱ्हाडी माणूस पाहुण्याला पोटभर जेवू घातल्याशिवाय सोडत नाही. रोडग्यांच्या पंगतीत हा आग्रह गोड वाटतो. पेल्याच्या बाबतीत तोच घातक ठरतो. ‘माझी शपथ’, ‘एकच घे’, ‘आमच्यासोबत नाही घेत का बे’ या शब्दांनी किती जणांचे पथ्य मोडले असेल! हा आग्रह सामाजिक रीत म्हणून किती घट्ट होता, हे गाडगेबाबांच्या चरित्रात दिसते. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्मलेले डेबूजी, म्हणजेच पुढचे गाडगेबाबा, लहान असतानाच त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. पुढे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे येथे मामाकडे ते वाढले. बारशाला जातवाल्यांना दारू-मटणाचे जेवण देण्याची रूढी होती. डेबूजींनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला ती मोडून गोडाचे जेवण घातले. त्यात पाहुणचार उणा पडला नाही, आणि यजमान ठरवेल तर रीत बदलते हे वऱ्हाडाने तेव्हाच पाहिले. यजमानाने एवढे पाळले तरी पुष्कळ: पेला दुसऱ्याने भरू नये, ज्याचा त्याने भरावा, कुणी नको म्हटले की कारण विचारू नये.

कारण न विचारण्यामागे वैद्यकीय गरजही आहे. पुष्कळांना मधुमेहाच्या, क्षयाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चारचौघांत सांगायच्या नसतात. यांतला मधुमेह बैठकीत सर्वांत फसवा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडची गोळी घेतलेला, नाहीतर इन्सुलिन टोचून आलेला माणूस वावरातल्या पार्टीत बसतो. चुलीवर रस्सा शिजायला उशीर लागतो, जेवण अकरावर जाते, तोवर तो मूठभर फुटाण्यांवर भागवतो. एरवी रक्तातली साखर घसरली की यकृत साठ्यातून आणि नव्याने बनवून ती पुरवते; मद्यार्क निपटण्यात गुंतलेले यकृत नवी साखर बनवू शकत नाही. रात्री माणसाला दरदरून घाम सुटतो, बोबडी वळते, तो असंबद्ध बोलतो, मग निपचित पडतो. सोबतचे म्हणतात, ‘जास्त झाली, झोपू द्या’. तोंडाला दारूचा वास येत असल्याने कधीकधी दवाखान्यातही घोटाळा होतो. म्हणून अशा माणसाची साखर ग्लुकोमीटरवर लगेच तपासावी. तो गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकाला फोन करावा.

इतर औषधांचेही असेच आहे. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घेतली तर छाती धडधडणे, चेहरा लाल होणे, उलट्या असा त्रास होऊ शकतो. झोपेच्या किंवा अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांसोबत दारू श्वास मंद करते आणि जीवही घेऊ शकते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसोबत जठरातून रक्तस्राव होण्याची भीती असते. क्षयाच्या औषधांचा यकृतावर आधीच भार असतो, त्यात दारूची भर पडली की कावीळ उद्भवू शकते. दुसऱ्या दिवशी डोके ठणकते म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेणेही यकृताला झेपत नाही.

अकोला आणि अमरावतीच्या बाह्यरुग्ण विभागांत हमखास ऐकू येणारा एक समज म्हणजे बिअरने मुतखडा पडतो. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथले भूजल खारट आहे आणि मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार गावोगाव जुनी आहे. अशा ठिकाणी मित्र मित्राला ‘दोन बाटल्या मार, खडा निघून जाईल’ असा सल्ला देतो. बिअरने लघवी जास्त होते हे खरे. पण मद्यार्क शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक दाबतो, म्हणून ती होते. परिणामी नंतर अंगातले पाणी कमी पडते आणि लघवी दाट होते. शिवाय बिअरने युरिक ॲसिड वाढते, त्यातून त्याच जातीचे खडे बनतात आणि संधिवाताचा वातरक्त हा प्रकारही बळावतो. खड्याने मूत्रमार्ग अडलेला असताना लिटरभर बिअर रिचवली, तर मूत्रपिंडावर दाब वाढून कळा आणखी तीव्र होतात. मुतखड्यावर गोडे, शुद्ध पाणी भरपूर पिणे आणि सोनोग्राफी करून उपचार घेणे, एवढेच खरे. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल तर पाणी किती प्यावे हेही डॉक्टरांनाच विचारावे.

अंगातले पाणी कमी पडण्याचा हा धोका उन्हाळ्यात दुणावतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत लग्नाच्या वरातीत भरदुपारी बिअर पिऊन नाचणाऱ्याला तहान भागल्यासारखी वाटते, पण त्याच्या अंगातले पाणी कमी होत असते, आणि उष्माघाताची पहिली लक्षणे नशेच्या नावावर खपतात.

पाण्याच्या बाटलीतून आलेल्या दारूबाबत एक नियम ठेवावा: ती कुणी बनवली, तिच्यात काय घातले हे माहीत नसेल तर ती घेऊ नये, दुसऱ्यालाही देऊ नये. मोहाच्या फुलांना मेळघाटातल्या कोरकू समाजात अन्न म्हणून आणि सणासुदीला मान आहे, त्याचा अनादर करण्याचे कारण नाही. घात होतो तो भेसळीने. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर लोकांचा जीव घेतला. मिथेनॉल चवीला-वासाला ओळखू येत नाही. साधारण १२ ते २४ तासांनी धूसर दिसणे, पोटात दुखणे, धाप लागणे सुरू होते. एकालाही असे झाले तर त्या बैठकीतल्या सर्वांनी त्रास नसला तरी जिल्हा रुग्णालय गाठावे. वेळेत उपचार झाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

एकाच पेल्यातून चाखताना तोंडाच्या हर्पीसचे विषाणू आणि सर्दी-तापाचे जंतू पसरतात, म्हणून पेले वेगळे असावेत. बर्फ खाण्याचाच घ्यावा. निळसर रंगाचा बर्फ पोटात घेण्यासाठी नसतो. दूषित बर्फातून कावीळ आणि विषमज्वर होऊ शकतात.

बैठकीत कुणी बेशुद्ध पडला, हलवूनही उठेना, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला किंवा ओठ निळे पडले, तर त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि रुग्णवाहिका बोलवावी. ओकारी काढण्यासाठी घशात बोटे घालू नयेत. उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस दगावू शकतो.

न पिणाऱ्यासाठी यजमानाने कोपऱ्यात एखादे कोल्ड्रिंक ठेवून मोकळे होऊ नये. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांचा ताजा रस, कैरीचे पन्हे, जिरे घातलेला मठ्ठा, चिखलदऱ्याची कॉफी ही पेयेही तेवढ्याच हौसेने पुढे करावीत. मधुमेह्याला अर्थातच रसापेक्षा मठ्ठा बरा.

ज्याला बैठक नसली तरी घ्यावी लागते, सकाळी हात थरथरतात, कमी करायचे ठरवूनही जमत नाही, त्याला व्यसनाचा आजार जडला आहे. त्याने एकाएकी दारू सोडणेही धोक्याचे असते; दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर आणि १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. दोस्ताला पेला देणाऱ्याने वेळ आल्यास हे क्रमांकही द्यावेत आणि दवाखान्यात त्याच्यासोबत जावे.