रेखीवपणा आणि आस्था : ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांची व्यक्तिचित्रे



‘व्यक्तिचित्र’ हा शब्द मराठीत लेखणीने रेखाटलेल्या माणसासाठी वापरतात, तसाच कॅमेऱ्याने टिपलेल्या माणसासाठीही. मागील घटकात आपण पहिल्या प्रकाराचा विचार केला. या घटकात दुसऱ्या प्रकारातील एक उदाहरण पाहावयाचे आहे. चित्र बिनचूक असणे आणि चित्रात माणूस असणे या एकच गोष्टी आहेत काय, हा प्रश्न मनात ठेवून पुढील मजकूर वाचा.

कोळशाची खोली आणि खुराडे

ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला. पुढे त्या इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर येथे स्थायिक झाल्या. १८६३ च्या अखेरीस मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. (उशिरा शिक्षण सुरू करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे वय ओळखीचे वाटेल.) त्यांनी कोळशाच्या खोलीचे अंधारघर केले आणि काच बसवलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला.

त्या काळचे छायाचित्रण कष्टाचे होते. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, तो रसायनात बुडवून प्रकाशसंवेदी करावयाचा आणि काच ओली असतानाच चित्र घेऊन ते धुवावयाचे. कॅमेरनबाईंच्या चित्रांसाठी समोरच्या व्यक्तीला काही मिनिटे निश्चल बसावे लागे. आपले पहिलेच चित्र त्यांनी ओल्या थरावर हात फिरवून स्वतःच पुसून टाकले. पुढे दोन मुलांचे चित्र घेताना एकाला हसू फुटले आणि काच वाया गेली. मग त्यांनी एकाच मुलीला समोर बसवले आणि ती हलली तर बिचाऱ्या कॅमेरनबाईंची रसायने व श्रम कसे फुकट जातील, हे तिला कळवळून सांगितले. मुलगी हलली नाही. जानेवारी १८६४ मधील ॲनीचे हे चित्र कॅमेरन यांनी आपले पहिले यश मानले. चित्र जमल्याच्या आनंदात त्या मुलीला देण्यासाठी भेटवस्तू शोधत घरभर फिरल्या. जणू चित्र त्या मुलीनेच घडवले होते!

दोष की निर्णय?

व्यावसायिक छायाचित्रकार त्या काळी खांब, पडदे, उभी आकृती असा नीटनेटका देखावा मांडत. डोके हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधारही लावत. कॅमेरन यांच्या चित्रांत मात्र चेहरा जवळ येतो, अर्धा काळोखात बुडतो, कडा विरघळतात. काचेवरचे ओघळ आणि बोटांचे ठसेही दिसतात. छायाचित्रणविषयक नियतकालिकांनी त्यांना निष्काळजी ठरवले. आपली पहिली अस्पष्ट चित्रे योगायोगाने साधली, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. मात्र त्याच आठवणींत त्या पुढे सांगतात, की भिंग फिरवताना जे रूप डोळ्यांना सुंदर वाटे तेथेच त्या थांबत; इतरांच्या आग्रहाप्रमाणे अधिक रेखीव रूपापर्यंत जात नसत. योगायोग पहिल्या वेळी होता. नंतर थांबणे हा निर्णय होता. ठसे आणि ओघळ यांना मात्र मी निर्णय म्हणणार नाही. ते दोषच होत. त्यांच्यासह चित्र टिकले, एवढेच.

१८६७ मधील सर जॉन हर्शेल यांचे चित्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हर्शेल हे थोर खगोलशास्त्रज्ञ. छायाचित्र पक्के करण्यासाठी ‘हायपो’चा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि ‘फोटोग्राफी’ ही संज्ञाही त्यांनीच रूढ केली. (ग्रीक मुळानुसार तिचा अर्थ ‘प्रकाशलेखन’, मराठीने मात्र ‘छाया’ निवडली. कॅमेरन यांच्या चित्रांना मराठी शब्दच अधिक शोभतो, असे मला भाषाभ्यासक म्हणून वाटते.) दोघांची ओळख १८३६ पासूनची, दक्षिण आफ्रिकेतील केपमधली. तीस वर्षांच्या स्नेहानंतर त्या अवजड सामान घेऊन हर्शेल यांच्या घरी गेल्या आणि केस मोकळे उडते दिसावेत म्हणून त्यांना ते धुवावयास लावले. चित्रात पदके नाहीत, दुर्बीण नाही. काळोखातून पुढे आलेला थकलेला चेहरा, पांढरे विस्कटलेले केस आणि ओलसर डोळे आहेत. परक्या छायाचित्रकाराने एवढ्या मोठ्या माणसाला केस धुवावयास सांगितले असते काय?

एक आक्षेप

येथे घाईने निष्कर्ष काढू नका. मेरी हिलियर ही कॅमेरन यांच्या घरातील दासी. अनेक चित्रांत ती मेरीमाता झालेली दिसते. मालकिणीला ती ‘नाही’ म्हणू शकली असती काय? कॅमेरन दांपत्य १८७५ मध्ये सिलोनला गेले. तेथील कालुतारा गावच्या माणसांच्या १८७८ मधील चित्राला ‘कालुताराच्या शेतकऱ्यांचा समूह’ एवढेच शीर्षक आहे. हर्शेल यांना नाव मिळाले, या माणसांना मिळाले नाही. म्हणजे आस्था सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही; ती कोणाला कोणत्या नात्याने मिळते, हेही चित्रात उमटते. केवळ ‘भावस्पर्शी’ म्हणून चित्राची बोळवण करणाऱ्या उत्तराला म्हणूनच मी कमी गुण देतो.

गृहपाठ तपासताना ‘माझी आई’ या विषयावरील शुद्ध, सुवाच्य, बिनचूक लेख माझ्याकडे दरवर्षी येतात. पुष्कळांत आई नसते, ‘वात्सल्यमूर्ती’ असते. एका विद्यार्थिनीच्या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका होत्या. त्यात पगाराच्या दिवशी पिशवीत एकच सफरचंद आणून त्याच्या पाच फोडी करणारी आई होती. चुका मी लाल शाईने दाखवल्या. सफरचंदाच्या ओळीखालीही रेघ ओढली.

स्वयं-अध्ययनासाठी

१. ‘दोष’ आणि ‘निर्णय’ यांतील फरक कॅमेरन यांच्या चित्रांच्या आधारे स्पष्ट करा.

२. हर्शेल आणि कालुतारा येथील माणसे यांच्या चित्रांच्या शीर्षकांची तुलना करा.

३. आपल्या घरातील अस्पष्ट, हललेले किंवा डागाळलेले, तरीही जपून ठेवलेले एक छायाचित्र निवडा. ते कोणी काढले, समोरच्या व्यक्तीशी त्याचे नाते काय होते आणि ते का जपले गेले, हे १५० शब्दांत लिहा. व्यक्ती हयात असल्यास लिहिण्यापूर्वी तिला ते दाखवा आणि ती जे म्हणेल तेही नोंदवा.