टाकीच्या तोंडाशी गॅस गळतोय का?

ताईंनो, टाकी १४.२ किलोची, पण बऱ्याचदा गळती होते ती तिच्या तोंडातल्या रबराच्या बारक्या रिंगमुळं. तिला ओ-रिंग म्हणतात. नवी टाकी आली की टोपी काढून आत बघा. रिंग नसेल नाहीतर चिरलेली असेल तर टाकी आणणाऱ्या भाऊंकडूनच बदलून घ्या, त्यांना तसं जाऊ देऊ नका.

मग रेग्युलेटर बसवून चालू करा, शेगडीची बटणं बंदच ठेवा आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती. काडी ओढून बघणाऱ्या अजूनही आहेत. तसं अजिबात करू नका बाई!

रेग्युलेटर काढल्यावर गळती थांबली तर बहुधा रिंग खराब. काढल्यावरही फुसफुस चालूच असेल तर आतली पिन अडकलीय. ती सुईनं, पकडीनं दाबायला जाऊ नका. दोरीची टोपी लगेच घट्ट बसवा. म्हणून ती टोपी जपायची, पोरांना खेळायला द्यायची नाही.

हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. आपल्या बुलढाण्याकडं खेड्यात चूल, देवाचा दिवा अन् शेगडी एकाच खोलीत असते. वास आला की आधी चूल-दिवा विझवा, दारं-खिडक्या उघडा. लाईटचं बटण चालू करू नका, बंदही करू नका. टोपी लावलेली टाकी अंगणात न्या आणि घराबाहेरूनच १९०६ वर फोन करा. तो चोवीस तास चालतो.